फ्यूज जातो, तो आपल्यासाठी

मराठीत आपण ‘फ्यूज गेला’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘फ्यूज होयतु’. पुढचा सल्लाही दोन्ही भाषांत एकच: “सारखा जातो ना? मग जाड तार घाला!” बेळगावात भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे हा उपाय मी अनेकदा पाहिला आहे. वायरीतल्या चार-पाच तांब्याच्या तारा पिळून घातल्या की फ्यूज जात नाही, आणि घालणारा हुशार ठरतो. माझ्या मते ही हुशारी नव्हे. पहारेकऱ्यालाच बांधून ठेवणे आहे.

साधा हिशेब पाहा. पाणी तापवायची १५०० वॅटची कॉईल आणि १००० वॅटची इस्त्री एकदम लावली, तर २३० व्होल्टला जवळजवळ ११ अँपियर प्रवाह लागतो. वायरिंग मात्र ५ अँपियरचे! प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. बारीक तार आधी वितळते, म्हणून भिंतीतली वायर वाचते. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी विम्याचा हप्ता शिकतो; फ्यूजची तार हा त्याहून स्वस्त हप्ता आहे.

तो भरण्याची रीत अवघड नाही. प्रथम मेन स्विच बंद करावा. हात कोरडे, पायांत रबरी चपला असाव्यात. मग चिनीमातीची पकड काढून पाहावी. तार नुसती मधे वितळली असेल तर बहुधा भार जास्त झाला. पकड काळवंडली असेल तर शॉर्ट सर्किटचा संशय घ्यावा. सगळी उपकरणे काढून, जितक्या अँपियरचा फ्यूज तितक्याच अँपियरची तार एकेरी बसवावी, पकड जागेवर लावावी आणि मगच मेन स्विच चालू करावा. फ्यूज लगेच पुन्हा गेला, तर वायरमनला बोलवावे.

नव्या घरांत आता एमसीबी आले आहेत. पण तो वारंवार पडतो म्हणून मोठ्या अँपियरचा बसवला, तर चूक तीच.

खरी अडचण वेगळीच आहे. जाड तार दोघांच्याही सोयीची असते. घरमालकाचा नव्या वायरिंगचा खर्च वाचतो, आणि चोरून कॉईल लावणाऱ्या भाडेकरूचे बिंग फुटत नाही. परंतु भिंतीतली वायर पेटली तर त्या खोलीत झोपलेले आपणच असणार. तेव्हा मित्रहो, फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर संकोच सोडून मालकांशी बोला, मराठीत किंवा कन्नडमध्ये; पण जाड तार घालू नका.