फारकत झाली, हप्ता चालूच



परवा विहारात वंदनेनंतर एक भगिनी आम्हाला भेटल्या. परस्पर संमतीने घटस्फोट होऊन दोन वर्षे झालेली. घर मात्र अजून दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. घरात तो राहतो, या माहेरी. "मी तिथे राहतच नाही, मग हप्ता का भरू?" म्हणून त्यांनी आपला वाटा थांबवला. आता बँकेची नोटीस दोघांनाही आली आहे.

त्यांचा राग आम्हाला समजतो. पण बँक कर्जाच्या कागदावरील सह्या पाहते. १८७२ च्या करार कायद्यातील कलम ४३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ती दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. ज्याने जास्त भरले, त्याला दुसऱ्याकडून वाटा मागण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. म्हणून पैसे बँकेतूनच भरा आणि पावत्या जपा.

आमच्या मते खर्चाचे दोन भाग करावेत. हप्ता, घरपट्टी, मोठी दुरुस्ती हा मालकीचा खर्च. तो हिश्श्याप्रमाणे दोघांनी उचलावा. वीजबिल, गॅस, किरकोळ डागडुजी राहणाऱ्याने पाहावी. शिवाय एकटाच घर वापरत असेल तर भाड्याचाही हिशेब व्हावा. समजा, हप्ता १२,००० रुपये आणि तशा घराचे भाडे ८,००० रुपये. दोघांचा हिस्सा निम्मा असेल, तर भगिनीचे ६,००० देणे आणि ४,००० येणे. तिने २,००० भरावेत, हे न्यायाचे.

हे सारे घटस्फोटाच्या वेळीच संमतीच्या अटींत लिहून घ्यावे : कोण राहणार, कधीपर्यंत, कोण काय भरणार, घर शेवटी विकायचे की एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा. आणि भगिनींनो, कंटाळून हक्कसोडपत्रावर सही करू नका. त्याने घर जाते, पण कर्जातले नाव तसेच राहते. ते काढायला बँकेची लेखी संमती लागते.

हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी स्त्रीला घटस्फोटाबरोबर संपत्तीचाही हक्क मागितला होता. ते बिल रखडले, हे त्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण. ज्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, तो आपण रागाच्या भरात सोडायचा काय?

येत्या रविवारी आम्ही त्या दोघांनाही पावत्या घेऊन विहारात बोलावले आहे. नवरा-बायकोचे नाते संपले. भागीदारांचा हिशेब अजून बाकी आहे.