रात्रीची भूक, दिवसाची उधारी

फराळाचे डबे भरून फळीवर ठेवायचे आणि त्याच घरात कोणीतरी वजन उतरवण्याचा नेम धरायचा, असा योग दर दिवाळीत कुठे ना कुठे येतोच. आमच्या यवतमाळात तर हल्ली दोघी भेटल्या की मुलाबाळांच्या आधी डाएटची चौकशी होते. कोणी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेले आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेले दोनदाच जेवणे पाळते, तर कोणी ऋजुता दिवेकरांचे ऐकून थोडे थोडे, वेळेवर खाते. या दोन पक्षांचा निवाडा मी करणार नाही. मला बोलायचे आहे ते रात्री अकराच्या भुकेबद्दल. कारण नेम कोणताही असो, तो बहुधा त्याच वेळी मोडतो.

आणि मोडला की आपण लगेच म्हणतो, मनाचा निग्रह नाही!

माझी सून शाळेत शिकवते. सकाळी अर्धी वाटी पोहे, डब्यात काकडी, संध्याकाळी नुसता चहा आणि रात्री चमचाभर भाजी, असा तिचा नेम होता. दिवसभर मोठ्या निश्चयाने राहायची. मात्र सगळे निजले की स्वयंपाकघरात दिवा लागायचा आणि शेवेच्या डब्याचे झाकण हळूच वाजायचे. एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आई, माझ्यात दमच नाही हो."

मी म्हटले, "दम नाही कसा? अर्धपोटी राहून वर्गभर मुले सांभाळतेस! अगं, ही रात्रीची भूक नव्हेच. दिवसा पोटाची उधारी ठेवलीस. सावकार रात्री दाराशी येतो, इतकेच."

शास्त्रही काही वेगळे सांगत नाही. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी माणसांना १३ दिवस मंद उजेडात, बाहेरचे घड्याळ कळणार नाही असे ठेवले होते. तेव्हा दिसले की शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते. म्हणजे सकाळी उपास सोपा वाटतो तो आपल्या निग्रहामुळे नव्हे, आणि रात्री जड जातो तो दुबळेपणामुळे नव्हे. त्यात जागरणाची भर! २००४ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात दोन रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांच्या रक्तात भूक चाळवणारे घ्रेलिन हे द्रव्य २८ टक्क्यांनी वाढलेले आढळले.

मग आम्ही घरातला क्रमच बदलला. सुनेच्या डब्यात काकडीबरोबर ज्वारीची भाकर आणि उसळ जाऊ लागली. रात्रीचे जेवण साडेसातला; त्यात तुरीचे घट्ट वरण, आंबाडीची किंवा मेथीची भाजी, एक भाकर, वाटीभर दही. डाळीतल्या प्रथिनांमुळे आणि भाजी-भाकरीतल्या चोथ्यामुळे जेवण पोटात सावकाश पचते, म्हणून भूक लांबते. पंधरा दिवसांत रात्रीचा दिवा लागेनासा झाला. वजन उतरते आहे ते सावकाश. पण उतरलेले परत चढत नाही.

तरीही एखाद्या रात्री पोट कुरकुरलेच, तर आपली जुनी म्हण आठवावी : भुकेला कोंडा, निजेला धोंडा. खरी भूक कोंडाही गोड मानते. तेव्हा मनाला विचारावे, उरलेली कोर भाकर आणि ताक चालेल का? 'हो' म्हणाले तर निःशंक खावे. 'नको, चकलीच हवी' म्हणाले तर ती भूक नव्हे. दात घासून अंथरुणावर पडावे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांत ११० च्या आसपास कॅलरी आणि सहा ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. तेवढ्याच शेवेत कॅलरी दीडशेच्या पुढे जातात, आणि शेव मुठीवर कधी थांबते?

आता एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नये. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची रात्रीची भूक ही धोक्याची घंटा असू शकते. सुनेचे वजन उतरलेले पाहून आमच्या घरच्यांनी कोणालाही न विचारता, आपल्याच मनाने, रात्रीचे जेवण बंद केले. गोळी मात्र चालू! तिसऱ्या रात्री त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. "काही नाही, भूक आहे, मारतो," म्हणत होते. सुनेने यंत्रावर साखर पाहिली, तर ५८! सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. तिने लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग थोडा दहीभात दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण आणि जेवणाची वेळ दोन्ही बसवून दिली. अशा माणसाने भूक मारणे हा निग्रह नव्हे, जिवाशी खेळ आहे.

शेवटी घरच्या मंडळींना एक विनंती. आपल्या घरांत सर्वांना वाढून उरलेसुरले खाणारी एक बाई बहुधा असतेच, आणि उधारी तिचीच सर्वांत मोठी असते. या दिवाळीत तिचे पान आपल्याबरोबर मांडा. आणि रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला, तर हसू नका, "आज दुपारी काय जेवलीस?" एवढेच विचारा.