संधानगृहात तापमापक हवाच

आसवारिष्टांचा विषय निघाला की धायटीची फुले किती घ्यावीत, गूळ जुना की नवा, संधिबंधन केव्हा करावे, यांवर आपण वैद्यमंडळी तासन्‌तास बोलतो. संधान चालू असताना पात्रातील द्रव किती अंश उष्ण होता, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या नोंदवहीतही हा रकाना कित्येक वर्षे नव्हता.

तो आला एका फजितीनंतर. रुग्णांसाठी आम्ही स्वतः दशमूलारिष्ट करतो. एका वैशाखात पत्र्याच्या छपराखालील खोलीत संधान घातले. तिसऱ्या दिवशी बुदबुद आवाज जोरात येऊ लागला, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो आणि महिना मोजत बसलो. मुदत भरताच सहायकाने गाळून बाटल्या भरल्या. त्यांतील एक सूतिकेच्या घरी गेली. तिच्या सासूबाईंनी चव घेतली व ‘हे तर व्हिनेगर’ म्हणून परत पाठविली. अरिष्टाचे शुक्त झाले होते, आणि ते आमच्याआधी त्या माउलीला कळले.

कारण शोधता उलगडा झाला तो असा. संधान ही स्वतः उष्णता निर्माण करणारी क्रिया आहे. खोलीचे तापमान 36 अंश सेल्सिअस असेल तर पात्रातील द्रव त्याहूनही तापतो. किण्वाला 25 ते 30 अंश मानवतात. चाळिशीच्या आसपास ते निस्तेज होऊन मरू लागते. मग कार्बन डायऑक्साइड सुटणे थांबते, उन्हाने तडकलेल्या कापडमातीतून हवा आत शिरते, आणि अॅसिटिक अम्ल करणाऱ्या जिवाणूंना तयार मद्यांश आयता मिळतो. हिवाळ्यात उलट घडते: द्रव गार पडून क्रिया मंदावते आणि आपण त्याला ‘अजून अपक्व’ म्हणून दिवस वाढवीत राहतो. क्वाथ पुरता निवण्याआधी धायटी टाकण्याची घाई तर सर्वांत घातक. फुलांसोबत येणारे किण्व तेथेच भाजून निघते.

परदेशांत घरच्या घरी बिअर करणारे हौशी लोक याबाबत आपल्यापेक्षा दक्ष आहेत, हे सांगताना संकोच वाटतो. एल जातीच्या बिअरसाठी ते साधारण 18 ते 22 अंश सांभाळतात. पात्राला तापमापक पट्टी चिकटवितात, पात्र पाण्याच्या टबात ठेवून ओला टॉवेल गुंडाळतात, जमल्यास जुन्या फ्रीजला थर्मोस्टॅट जोडतात. त्यांचे बिघडले तर एक संध्याकाळ बेचव होते. आपले बिघडले तर ते रुग्णाच्या पोटात जाते.

तापमापक लावणे म्हणजे शास्त्र सोडणे, असे काही ज्येष्ठांचे मत आहे. आम्हांस ते पटत नाही. पात्र धान्यराशीत किंवा जमिनीत ठेवण्याची पद्धत दुसरे काय साधत होती? दिवसरात्रीचा चढउतार पात्रापर्यंत पोहोचू न देणे, हेच. आज धान्यराशी गेली, मातीच्या घटाऐवजी स्टीलची टाकी आली, आणि ती सांभाळ करणारी व्यवस्था आपण नकळत काढून टाकली. टाकी जितकी मोठी तितकी आतली उष्णता बाहेर पडण्यास वाव कमी, हेही फार्मसीचालकांनी ध्यानात घ्यावे. दहा लिटरच्या बरणीचा अनुभव पाचशे लिटरला लागू पडत नाही.

स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना शेड्यूल ‘टी’मधून सूट आहे. आमच्यावर तपासनीस येत नाही. म्हणून नोंद ठेवण्याचे दायित्व आमच्याकडे अधिक येते.

आम्ही आता पात्राच्या बाहेरून, द्रवाच्या मध्यपातळीवर तापमापक बांधतो व त्यावर कापडाची जाड घडी घालतो, म्हणजे झाकण उघडावे लागत नाही. पहिले दहा दिवस सकाळ-सायंकाळ नोंद, नंतर दिवसातून एकदा. आकडा 32 च्या वर गेला की ओली गोणपाटे. चैत्र-वैशाखात नवे संधान घालतच नाही. त्या दोन महिन्यांचा साठा माघातच करून ठेवतो. संघटनेने बॅचनोंदीचा नमुना छापताना ‘तापमान, सकाळ’ आणि ‘तापमान, सायंकाळ’ असे दोन रकाने त्यात घालावेत, अशी आमची विनंती आहे. कागद तेवढाच लागेल.