खडू कुणाच्या हातात?

शाळा काढा, शिक्षण द्या, आफ्रिकेतला काळा माणूस आपोआप वर येईल. ही पोपटपंची शंभराच्या वर वर्षं चालू आहे. आधी मिशनरी बोलले, मग लाटसाहेब बोलले, आता मदतनिधीवाले टाय लावून बोलतात. त्यांना आपला एकच सवाल. शाळा कुणाची? फळ्यावर काय लिहायचं ते कोण ठरवणार? खडू कुणाच्या हातात?

दोस्तांनो, शाळेनं माणूस ताठ होतो तसाच वाकवताही येतो. नुसत्या छडीनं जे जमत नाही, ते क्रमिक पुस्तक गुपचूप करून टाकतं.

केनियाचं बघा. न्गूगी वा थिओंगो, जन्म १९३८, लिमुरूजवळच्या कामिरीथू गावचा, कुळकाऱ्याच्या घरचा पोरगा. त्याच्या लहानपणी गिकुयू लोकांनी वर्गणी काढून स्वतःच्या शाळा उभ्या केल्या होत्या. १९५२ साली इंग्रजांनी आणीबाणी पुकारली. त्या शाळा कुठं ताब्यात घेतल्या, कुठं बंद पाडल्या. मग सुरू झाला इंग्रजीचा अंमल. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडला की पोराच्या उघड्या कुल्ल्यांवर छड्या. नाहीतर गळ्यात पत्र्याची पाटी, तिच्यावर लिहिलेलं : मी गाढव. आणि चोर पकडायचे कसे? एका पोराच्या हातात एक बटण द्यायचं. त्यानं ते गिकुयू बोलणाऱ्याकडं सरकवायचं, त्यानं पुढच्याकडं. संध्याकाळी बटण ज्याच्याकडं, त्यानं आपल्याला ते कुणी दिलं त्याचं नाव सांगायचं. अशी साखळी उलटी खेचत दिवसभराचे सगळे गुन्हेगार हजर.

म्हणजे आईची बोली हा गुन्हा, अन् भावाला पकडून देणं हा अभ्यास. च्यायला, ह्याला शिक्षण म्हणायचं असेल तर चौकीवरचा खबऱ्या सगळ्यात मोठा पदवीधर!

आता कुणी संस्कृतीवाला उठेल आणि म्हणेल, बरोबर, म्हणूनच मातृभाषा हवी, आपली परंपरा हवी. थांबा राव. टाळ्या एवढ्यात वाजवू नका. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या सरकारनंच काळ्यांना मातृभाषा दिली होती. १९५३ चा बांटू शिक्षण कायदा. तो आणणारा मंत्री व्हेरवूर्ड. पुढं हाच पंतप्रधान झाला. त्यानं भर सभागृहात सांगून टाकलं की ठराविक मजुरीच्या वर काळ्याला गोऱ्यांच्या समाजात जागा नाही. काळ्या पोराला गणित वापरायलाच मिळणार नसेल तर शिकवून फायदा काय, असाही त्याचा सवाल. म्हणून झुलूला झुलूतून, सोथोला सोथोतून, प्राथमिकची आठ वर्षं. प्रेमानं नव्हे. प्रत्येक जमातीनं आपापल्या खुराड्यात बसावं, एकमेकांशी बोलू नये, म्हणून. नाच तुमचा, ढोल तुमचा, जमीन अन् सोन्याच्या खाणी आमच्या!

पुढं १९७४ ला ह्याच सरकारनं हुकूम काढला : वरच्या वर्गांत गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून, म्हणजे मालकाच्याच भाषेतून. भाषा द्यायची तरी त्यांची मर्जी, काढून घ्यायची तरी त्यांचीच. १६ जून १९७६ ला सोवेटोतली हजारो शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. शिक्षण नको म्हणून नव्हती आली ही पोरं. गुलाम बनवणारं शिक्षण नको म्हणून आली होती. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी पोरांना शिस्त शिकवू नये.

केनियात मातृभाषेला छडी, दक्षिण आफ्रिकेत मातृभाषेचा पिंजरा. दोन्हीकडं डाव एकच : माणसानं स्वतःला मालकाच्या डोळ्यांनी बघावं.

हा डाव स्टीव्ह बिकोनं ओळखला. डर्बनला डॉक्टरकी शिकणारा पोरगा. १९६७ साली गोऱ्या उदारमतवाद्यांच्या विद्यार्थी परिषदेला गेला. समतेची भाषणं सगळ्यांना एकत्र, झोपायची जागा मात्र काळ्यांना वेगळी. ठराव बंधुत्वाचे, बिछाने जातीचे! तिथून पुढं १९६८-६९ मध्ये त्यानं सोबत्यांबरोबर काळ्या विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना उभी केली. आपण कोण हे दुसऱ्यानं सांगायचं नाही, एवढी साधी गोष्ट. पण ती आरशापुढं उभं राहून मिशा पिळण्याची गोष्ट नव्हती. त्याच्या चळवळीनं साक्षरतेचे वर्ग काढले, दवाखाना काढला. १२ सप्टेंबर १९७७ ला पोलीस कोठडीतल्या मारहाणीनं तो मेला. वय तीस.

त्याच डर्बनच्या गोदीचं मी सांगणारच. हूक मारून गोणी ओढणाऱ्याला दुसऱ्या गोदीची भाषा लगेच कळते. ऑक्टोबर १९७२ ला तिथले गोदी कामगार मजुरीसाठी संपावर गेले. जानेवारी १९७३ ला वीटभट्टीवाले उठले आणि बघता बघता साठेक हजार कामगार बाहेर. तुमचे प्रतिनिधी निवडा, म्हटलं तर कुणी निवडायचं नाही. निवडला की तोच जेलात, हे त्यांना पक्कं ठाऊक. हे कुठल्या क्रमिक पुस्तकात होतं? हेसुद्धा शिक्षण आहे, अन् त्याची फी पाठीनं भरावी लागते.

पण राजा काळा झाला म्हणजे खडू आपल्या हातात आला, असंही समजू नका. केनिया १९६३ ला स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा. ह्या गृहस्थानं १९३८ ला गिकुयू संस्कृतीचा गौरव करणारं जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, इंग्रजीत. १९७७ ला न्गूगीची एक कादंबरी इंग्रजीत आली, नव्या मालकांची सालटी काढणारी. कुणी हात लावला नाही. त्याच वर्षी कामिरीथूत शेतमजूर अन् कारखान्यातले कामगार गिकुयूत नाटक उभं करत होते. आधी साक्षरतेचा वर्ग, त्यातून नाटक. थेटर त्यांनीच बांधलं. प्रोफेसर न्गूगीची भाषा गावच्या लोकांनी दुरुस्त केली : म्हातारा असा बोलत नसतो रे! नाटकाचा विषय, जमीन कुणी गिळली. काही आठवड्यांत सरकारनं बंदी घातली. वर्ष संपता संपता न्गूगीला उचललं, खटला न चालवता वर्षभर कोंडलं. त्यानं तुरुंगात संडासच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. १९८२ ला सरकारनं ते थेटर जमीनदोस्त केलं.

बघितलंत? पुस्तकातली संस्कृती राष्ट्राध्यक्षाला चालते. मजुराच्या तोंडातली चालत नाही. कारण मजूर स्वतःला ओळखायला लागला की पहिला सवाल टाकतो : जमीन कुणाची?

न्गूगी २०२५ च्या मे महिन्यात गेला. आता श्रद्धांजल्यांचा पूर येणार, त्याच्या नावानं चर्चासत्रं भरणार, अन् ती भरणार चकचकीत इंग्रजीत. भरू द्यात. आफ्रिकेचं बळ कुठल्या वस्तुसंग्रहालयात नाही, अन् दुसऱ्यानं छापलेल्या सर्टिफिकेटातही नाही. प्रोफेसरला भाषा शिकवणाऱ्या त्या कामिरीथूच्या माणसांत ते आहे. खडू मागून मिळत नसतो, दोस्तांनो. तो हिसकावून घ्यायचा असतो, अन् हातात आला की पहिलं अक्षर शेजारच्याला शिकवायचं असतं. नाहीतर उद्या छडीही आपल्याच हातात असेल.