ठिपक्यांचा हिशेब
सोलापुरी चादरीची नक्षी आधी आलेख कागदावर चौकोन भरून उतरते, मग जॅकार्डच्या पुठ्ठ्यावर: भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. फॅक्सनेही चित्र असेच ओळीओळीने, काळे की पांढरे एवढेच सांगत पाठवले. एका ओळीत १७२८ ठिपके. अलेक्झांडर बेनने या तंत्राचे पेटंट घेतले १८४३ साली. १८६५मध्ये कासेली या संशोधकाचे असेच यंत्र पॅरिस-लियाँ तारेवर सुरू झाले, पण शुल्क कागदाच्या मापावर, म्हणून ते मुख्यतः बँकांच्या सह्या पडताळण्यापुरते उरले. खरा खर्च वेळेचा. फॅक्सच्या १९६८च्या मानकानुसार एका पानाला सहा मिनिटे लागत. १९८०च्या मानकाने ती जेमतेम एकावर आणली, कारण कोऱ्या जागेचा ठिपका न् ठिपका पाठवणे थांबले, सलग पांढऱ्याची फक्त लांबी जाऊ लागली. एसटीडी बूथवर मीटरकडे डोळे लावून बसलेल्यासाठी ही पाच मिनिटे फार मोलाची होती, आणि हे श्रेय त्या गणिताला पुरेसे मिळालेले नाही. फॅक्सने चादरीची नक्षी पोचे, रंग मात्र शब्दांत कळवावे लागत. थर्मल कागदावरची प्रत काही काळाने फिकी पडे, म्हणून जाणता माणूस तिची लगेच झेरॉक्स काढून ठेवी.