वाचताना कोण आठवले?

पाठ्यपुस्तकातील धडा आपण प्रश्नांची उत्तरे लिहिण्यासाठी वाचतो. त्यामुळे सारे लक्ष उत्तराकडे असते. कोणी प्रश्न विचारणार नाही, गुणही देणार नाही, अशा वेळी एखादी कादंबरी हाती घेतली, तर वाचनाची रीतच बदलते. आपण तिच्यात ओळखीची माणसे शोधू लागतो.

काही विद्यार्थी म्हणतात, "मराठी कादंबरीतील खेडी आणि तेथील माणसे आमच्या ओळखीची नसतात. मग ती आम्हांला आपली कशी वाटणार?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर एका कादंबरीतच पाहू.

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रसिद्ध झाली. बनगरवाडी ही धनगरांची लहानशी वस्ती. तेथे एक तरुण मास्तर येतो. मुले मेंढ्यांमागे रानात जातात, म्हणून शाळा भरत नाही. तरी मास्तर नेटाने काम करतो आणि हळूहळू गावाचाच होतो. सर्वांच्या श्रमाने गावात तालीमही उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो. चारा-पाणी संपते. लोक जगण्यासाठी वाडी सोडतात. शेवटी मास्तरही निघून जातो.

मालेगाव किंवा भिवंडीच्या मुलाने मेंढ्यांचा कळप कदाचित पाहिलाही नसेल. पण यंत्रमाग बंद पडले की काय होते, हे त्याला ठाऊक असते. शेजारच्या खोलीला कुलूप लागते. कालपर्यंत बरोबर खेळणारा मित्र आईवडिलांबरोबर गावी जातो आणि वर्गातील त्याची जागा रिकामी राहते. अशा मुलाला ओस पडलेली बनगरवाडी समजावून सांगावी लागत नाही. तेथे पाऊस नाही, येथे काम नाही. घर सोडण्याचे दुःख मात्र तेच.

हे उलटही घडते. प्रेमचंदांच्या 'ईदगाह' कथेतील हमीद खेळणी न घेता आजीसाठी चिमटा घेतो. ईदगाह कधी न पाहिलेल्या मुलालाही ती कथा वाचून आपली आजी आठवते.

म्हणून मला वाटते, प्रत्येकाने वर्षातून एक तरी मराठी कादंबरी केवळ आवडीसाठी वाचावी. प्रत्येक कठीण शब्दापाशी अडू नये. मागच्यापुढच्या वाक्यांवरून पुष्कळदा अर्थ लागतो. एक कादंबरी आवडली नाही, तर दुसरी घ्यावी. शिक्षकांनीही अशा पुस्तकावर परीक्षा घेऊ नये. 'तात्पर्य काय?' असे विचारण्याऐवजी 'वाचताना तुला कोण आठवले?' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये छापलेले नसते.