एका चार्जिंगची मजल

मनुष्यास आपल्या जवळच्या साधनांचा अभिमान वाटावा हें स्वाभाविक आहे. परंतु तें साधन कसें वापरावें ह्याचा विचार करणारे लोक सर्व काळीं थोडेच आढळतात. ही गोष्ट मनांत येण्याचें कारण असें कीं, हल्लीं मधल्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांमध्यें विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयीं मोठा वाद रंगतो. एक म्हणतो, अमुक गाडी एका चार्जिंगवर ४५० किलोमीटर जाते. दुसरा म्हणतो, अमुक ६०० जाते. आणि ज्याचा आंकडा मोठा त्याची सरशी होते. हा वाद आम्हीं पुष्कळदां दुरून ऐकला आहे. त्यांत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं, आणि आमच्या मतें तोच मुख्य आहे: ती गाडी इतकी दूर कशी नेली, व कोणाच्या जिवावर नेली?

हे आंकडे येतात कोठून तें प्रथम पाहूं. आपल्या देशांत मोटारींची परीक्षा घेणारी एक प्रमुख संस्था आपल्याच महाराष्ट्रांत, पुण्यास आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया हें तिचें नांव असून ती १९६६ सालीं स्थापन झाली. ह्या परीक्षेंत गाडी रस्त्यावर नव्हे, तर प्रयोगशाळेंतील फिरत्या रुळांवर चालवितात. तिची गति ठरलेल्या क्रमानें वाढवितात व कमी करितात. आणि तो क्रम असा आहे कीं, ताशीं ९० किलोमीटरांच्या वर गाडी जातच नाहीं. परीक्षा सर्वांस सारखी असल्यामुळें एका गाडीची दुसरीशीं तुलना करण्यास ती उपयोगी पडते, ह्यांत शंका नाहीं. पण वर्गांत गणिताचे १०० पैकीं ९० गुण मिळविणारा मुलगा बाजारांत हिशेब चुकणारच नाहीं, असें आपण जसें म्हणत नाहीं, तसेंच हेंही आहे.

आतां आमच्या इकडील बाजार पाहा. वाशीम जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झाला, आणि पुढें नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ह्याच जिल्ह्याच्या मालेगांव, मंगरूळपीर व कारंजा ह्या तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं, आणि इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. एकंदर लांबी ७०१ किलोमीटर भरते. सपाट प्रदेशांत ह्या रस्त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे. म्हणजे पुण्यास ९० वर थांबलेली गाडी येथें १२० नें धांवते, आणि मग कागदावरील आंकडा खोटा म्हणून मालक त्रागा करितो.

वस्तुतः आंकडा खोटा नसतो. हवा खरी असते. हवेचा अडथळा गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. गति ८० वरून १२० केली म्हणजे ती दीडपट झाली, आणि दीडाचा वर्ग सव्वादोन. म्हणून दर किलोमीटरास हवा कापण्यासाठीं सव्वादोनपट ऊर्जा लागते. चाकांच्या घर्षणाचा भाग फारसा बदलत नसल्यामुळें एकंदर खर्च तितका वाढत नाहीं. तरी तो दीडपटीच्या आसपास जातो. पेट्रोलच्या गाडीची संवय असलेल्यास ह्याचें नवल वाटतें. ती गाडी शहरांतील गर्दींत जास्त खाते व मोकळ्या रस्त्यावर कमी. विजेच्या गाडीचें बहुधा उलट असतें. कारण ती गर्दींत हळू चालते, आणि वेग आवरतांना चाकांची कांहीं ऊर्जा पुन्हां बॅटरींत परत घेते.

हें सर्व आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. परंतु त्याचा अर्थ एका प्रवासांत कळला. एका मे महिन्यांत आमचे एक स्नेही आपल्या वृद्ध मातोश्रींस हृदयाच्या तपासणीसाठीं नागपुरास घेऊन निघाले, व सोबत म्हणून आम्हीही गेलों. गाडी विजेची, बॅटरी ४० युनिटांची, आणि कागदावरील मजल ४५० किलोमीटरांहून अधिक. वाशीम ते नागपूर अंतर सुमारें २५० किलोमीटर. तेव्हां चिंतेचें कारण कोणासच दिसलें नाहीं. शेलूबाजारापाशीं महामार्गावर चढतांच स्नेह्यांनीं गाडी १२० च्या घरांत नेली. खरें सांगावयाचें तर त्या वेगाची मौज आम्हांसही वाटत होती, व आम्ही शेजारीं बसून गप्प राहिलों. कारंजें मागें पडून थोडा वेळ झाला तोंच समोरच्या पडद्यावरील आंकडा निम्म्यावर आला, आणि नागपूर अजून १४० किलोमीटर दूर होतें.

आतां मात्र स्नेही घाबरले. त्यांनीं गति ६० वर आणिली आणि एसी बंद केला. बाहेर विदर्भांतील ऐन दुपारचें ऊन. कांचा खालीं कराव्या तर तोंडावर झळा येत, आणि वर कराव्या तर दहा-पंधरा मिनिटांत आंत भट्टी होई. मागें बसलेल्या मातोश्री पदरानें तोंड पुशीत होत्या. त्रास होतो काय, म्हणून आम्हीं विचारलें, तेव्हां त्या मुलाकडे पाहून म्हणाल्या, “मले काई नाई होत रे बापू, तू चाल.”

हें वाक्य आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. हौस आमची, घाई आमची, आणि काटकसर मात्र त्या माउलीच्या जिवाची! आम्हीं स्नेह्यांस एसी पुन्हां सुरू करावयास लाविला, गाडी ८० च्या आंत ठेवविली, व येळाकेळीपाशीं महामार्ग सोडून वर्ध्यास चार्जिंग केलें. त्यांत पाऊण तास गेला, आणि शहरांत जाण्यायेण्यांत आणखी वेळ मोडला. डॉक्टरांची वेळ थोडक्यांत साधली म्हणून बरें. परततांना आम्हीं हिशेब मांडला. शेलूबाजारापासून नागपूर सुमारें २०० किलोमीटर. १२० नें गेल्यास १ तास ४० मिनिटें लागतात. ८० नें गेल्यास अडीच तास. म्हणजे वांचणार होतीं तीं ५० मिनिटें, आणि तीं वांचविण्याच्या नादांत आम्हीं तासाहून अधिक गमाविला. प्रथमपासून ८० नें गेलों असतों, तर तीच गाडी, तीच बॅटरी, एसी चालू ठेवूनही, आम्हांस कोठें न थांबतां नागपुरास पोंचविती.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण मुलांस शिकवितों. तिच्यांत एक गोष्ट अध्याहृत आहे. अंथरूण निजण्यापूर्वीं पाहावयाचें असतें, पाय उघडे पडल्यावर नव्हे! आमच्या लहानपणीं कापसाची गाडी भरून कारंज्याच्या बाजारास निघालेला गाडीवान पहिल्या कोसांत बैलांस पराणी लावीत नसे. वाट किती, चढ कोठें, पाणी कोठें, हें त्यास निघण्यापूर्वींच ठाऊक असे. चढ आला म्हणजे तो स्वतः खालीं उतरून चालूं लागे. ओझें कमी करावयाचें तर तो आरंभ आपल्यापासून करी. विजेच्या गाडीस लांब नेण्याची सारी विद्या ह्या गाडीवानापाशीं होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. चाकांत हवा नेमकी असावी. टपावर ओझें नसावें. उन्हाळ्यांत पहांटे निघावें. गाडी चार्जिंगला लाविलेली असतांनाच आंतील हवा थंड करून घ्यावी, म्हणजे तेवढा भार बॅटरीवर पडत नाहीं. दृष्टि दूरवर ठेवून पाय आधींच सैल करावा, म्हणजे ब्रेक दाबण्याचा प्रसंग कमी येतो. ह्यांत कोणासही कष्ट नाहींत. केवळ चित्त जाग्यावर हवें.

कोणी म्हणतील, मोठी बॅटरी घेतली कीं झालें. अमेरिकेंतील जनरल मोटर्सच्या यंत्रज्ञांनीं २०२५ सालीं शेव्हरोले सिल्व्हरॅडो ही विजेची गाडी एका चार्जिंगवर १,७०४ किलोमीटर नेली. ऐकून तोंडांत बोट जातें. पण तिची बॅटरी २०५ युनिटांची, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या बॅटरीच्या पांचपट. गति बहुतेक ताशीं ३२ ते ४० किलोमीटर. एसी बंद, आणि जादा चाकही काढून ठेविलेलें. उलट जर्मनींतील मर्सिडीझ कंपनीनें २०२२ सालीं व्हिजन ईक्यूएक्सएक्स ही प्रायोगिक गाडी श्टुटगार्टपासून इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोनपर्यंत १,२०२ किलोमीटर नेली, ती १०० युनिटांहून लहान बॅटरीवर. पहिलीचा आंकडा मोठा खरा. पण एका युनिटांत ती सुमारें ८ किलोमीटर गेली, आणि दुसरी १२ किलोमीटर. मग सरशी कोणाची? आमच्या विद्यार्थ्यांनीं “एका चार्जिंगवर किती?” असें विचारण्याऐवजीं “एका युनिटांत किती?” असें विचारावयास शिकावें, अशी आमची इच्छा आहे. कारण युनिट आकाशांतून पडत नाहीं. आमच्या शेजारीं पारसच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो तेव्हां तें तयार होतें. आणि त्याच विजेची वाट पाहत ह्या जिल्ह्यांतील शेतकरी हरभऱ्यास पाणी देण्यासाठीं रात्रीं-अपरात्रीं पंपापाशीं जागतो.

दुसरे कोणी म्हणतील, चार्जिंगच्या जागा वाढल्या म्हणजे हा प्रश्नच उरणार नाहीं. त्या वाढाव्या हें आम्हांसही मान्य आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या धोरणांत महामार्गांवर दर २५ किलोमीटरांस अशी सोय करण्याचा संकल्प आहे, आणि तो सिद्धीस जावो. परंतु गांवांत विहिरी वाढल्या म्हणून पोहरा फुटका ठेवावा, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं.

ह्याच्या उलट टोंकासही आम्ही जाऊं इच्छीत नाहीं. केवळ आंकडा मोठा दिसावा म्हणून १२० च्या रस्त्यावर ४० नें रांगणें, हें मागून येणाऱ्यांच्या जिवाशीं खेळणें आहे. तो प्रयोग ज्यांस करावयाचा असेल त्यांनीं मोकळ्या मैदानांत, आपल्या एकट्याच्या घामावर करावा. रस्त्यावर डाव्या बाजूनें, मालमोटारींच्या बरोबरीनें ८० नें जावें, व उतरतांना बॅटरींत पांचवा हिस्सा शिल्लक असावा. कारण वाटेंत कोणाचें काय अडेल हें सांगतां येत नाहीं. शिल्लक न ठेवतां गांठलेल्या मजलेस आम्ही पराक्रम म्हणत नाहीं.

तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या खेपेस मधल्या सुटींत हा वाद निघाला, तर आंकडा सांगणारास इतकेंच विचारा: गति किती होती, बॅटरी किती युनिटांची होती, आणि गाडींत कोण कोण बसलें होतें? तुमच्यापैकीं पुष्कळ जण पुढें अशाच गाड्या चालवाल. त्या वेळीं पडद्यावरील आंकडा झरझर उतरूं लागला, तर एसीच्या खटक्याकडे हात नेण्यापूर्वीं पाय सैल करा, आणि मागच्या आसनाकडे एकदां वळून पाहा.